शेपटीवरची खूण

मे महिना उजाडला की आमच्या टिळकवाडीतील घराचा कारभार आमच्या हातून निसटतो. पुण्याहून कन्या येते, आणि तिच्याबरोबर आमचे नातूसाहेब येतात. वय वर्षे अकरा, इयत्ता सहावी. एरवी आंबे, पत्ते आणि सायकल यांत सुट्टी सरते; परंतु यंदा साहेबांनी सोबत एक खोका आणला. परदेशी असलेल्या काकांनी तो वाढदिवसाला पाठविला होता. खोक्यावर ढगांतून झेपावणाऱ्या लढाऊ विमानाचे सुंदर चित्र होते. आम्हांस वाटले, खेळणे असेल. किल्ली दिली की चालेल, आणि दोन दिवसांत मोडून पडेल. प्रत्यक्षात आमच्या लिहिण्याच्या टेबलावरील उत्तरपत्रिकांचा गठ्ठा उचलला गेला, जुने वर्तमानपत्र अंथरले गेले, आणि पुढील अठरा दिवस आम्ही आमच्याच टेबलापाशी पाहुण्यासारखे बसलो.

खोका उघडला तेव्हा आत विमान नव्हते. करड्या प्लॅस्टिकच्या तीन चौकटी होत्या, आणि त्यांना, फांदीला कैऱ्या लटकाव्यात तसे, लहानमोठे भाग लटकलेले होते. प्रत्येकाला क्रमांक. धडाचे दोन अर्धे, पंख, चाके, चालकाची बैठक, आणि नखाएवढे काचेचे झाकण. सोबत एक सूचनापत्रक. त्यात शब्द जवळजवळ नाहीतच, केवळ आकृत्या आणि बाण. भाग चौकटीवरून हलकेच कापावयाचा, कापल्या जागेचा खडबडीतपणा बारीक कानशीने घासावयाचा, गोंद न लावता एकदा जुळवून पाहावयाचा, आणि मगच चिकटवावयाचा. हा गोंदही आपल्या खळीसारखा नव्हे. तो प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवितो, आणि दोन्ही भाग एकमेकांत मुरून एकजीव होतात. त्यामुळे चुकीला क्षमा नाही. आम्ही मदतीच्या उत्साहाने काचेचे झाकण उचलले, आणि त्यावर आमच्या अंगठ्याचा ठसा कायमचा उमटला. नातूसाहेब काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त चिमटा आमच्यापासून दूर सरकविला. छत्तीस वर्षे मुलांच्या हातून वस्तू काढून घेणाऱ्या आम्हांस त्या हालचालीचा अर्थ कळावयास वेळ लागला नाही.

ही प्रतिकृती मूळ विमानाच्या एक बहात्तरांश आकाराची होती. हे प्रमाण ऐकावयास विचित्र, पण त्यामागील हिशेब इंग्रजी मापाचा आहे: सहा फुटांना एक इंच. म्हणजे सहा फूट उंचीचा वैमानिक येथे बरोबर इंचभर होतो. आम्ही संधी साधून गणित घातले. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार ९.८७ मीटर, तर प्रतिकृतीचा किती? साहेबांनी वहीत भागाकार केला, पट्टीने मोजले, आणि दोन्ही उत्तरे पावणेचौदा सेंटिमीटरच्या जवळ आल्यावर जो आनंद त्यांच्या चेहऱ्यावर दिसला, तो आमच्या वर्गात अपूर्णांक शिकविताना क्वचितच दिसला असेल.

या छंदाची थोडी माहिती काढावी म्हणून आम्ही वाचन केले, आणि गंमत म्हणजे वाट पुन्हा शाळेकडेच वळली. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने आपल्या देशातील शाळांना आवाहन केले की, विद्यार्थ्यांनी पाच लाख विमानांच्या प्रतिकृती तयार कराव्यात. प्रमाण हेच, एक बहात्तरांश. त्या काळ्या रंगविलेल्या लाकडी विमानांच्या साहाय्याने सैनिकांना व टेहळ्यांना आकाशातील विमान आपले की शत्रूचे हे ओळखावयास शिकविले जाई. महायुद्धानंतर प्लॅस्टिकच्या संचांचा प्रसार झाला, त्यात इंग्लंडच्या ‘एअरफिक्स’ या संस्थेचा वाटा मोठा. १९३९ साली ती स्थापन केली निकोलस कोव्ह या हंगेरीतून आलेल्या ज्यू गृहस्थांनी. आरंभी हवेने फुगविण्याची खेळणी, मग कंगवे, आणि १९५० च्या दशकात ‘गोल्डन हाइंड’ या जुन्या जहाजाचा छोटा संच. त्यानंतर ‘स्पिटफायर’ विमान आले, आणि इंग्लंडमधील मुलांच्या खोल्यांच्या छतांना दोऱ्यांनी विमाने लटकू लागली. कोव्ह यांचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे त्याची आठवण होईल.

जोडणी झाली, रंग झाला. प्रत्येक थर वाळेपर्यंत थांबणे हा या छंदातील सर्वांत मोठा धडा. सर्वांत नाजूक काम मात्र अखेरीस येते, ते खुणा चिकटविण्याचे. यांना ‘डिकॅल’ म्हणतात. ज्यांच्या घरी आजीचे काळे शिवणयंत्र असेल त्यांनी त्यावरील सोनेरी वेलबुट्टी आठवावी. तीही याच जातीची. कागदावर पाण्यात विरघळणाऱ्या गोंदाचा थर असतो, त्यावर एक पारदर्शक पापुद्रा, आणि पापुद्र्यावर छापलेले चित्र. चित्र कापून कोमट पाण्यात काही क्षण बुडवावयाचे, बाहेर काढून टीपकागदावर ठेवावयाचे, आणि थांबावयाचे. घाई करून ओढले तर फाटते. फार वेळ पाण्यात ठेवले तर सुटून गुंडाळी होते. हलक्या बोटाने सरकते आहे असे जाणवले की ओल्या केलेल्या जागी कुंचल्याने सरकवीत न्यावे, जागेवर बसवावे, आणि कडेचे पाणी टिपून घ्यावे. तत्पूर्वी रंगावर चकचकीत व्हार्निशचा हात दिलेला हवा. नाहीतर खडबडीत रंग आणि पापुद्रा यांच्यामध्ये हवा अडकते आणि खुणेभोवती चंदेरी डाग दिसतो.

येथे आम्हांस बोलावयास विषय मिळाला. आम्ही नातवास म्हणालो, “हे बघ, आतापर्यंत हे नुसतं विमान होतं. आता ते कुणाचं तरी होणार. म्हणून खूण अगदी खरी हवी, अगदी तिच्या जागी हवी.” आणि दाखला म्हणून आम्ही ब्रह्मदेशाच्या आघाडीची हकीकत सांगितली. ब्रिटिश विमानांवर निळ्या, पांढऱ्या व लाल रंगांची वर्तुळे असत. जपानी विमानांवर लाल गोळा असे. धावपळीत, उन्हात, आकाशात लाल ठिपका दिसला की खालचा तोफची गोळी झाडी. मग ते विमान आपले का असेना. म्हणून १९४२-४३ च्या सुमारास भारत व ब्रह्मदेश येथील विमानांवरून लाल रंग पुसण्यात आला. १९४४ साली इंफाळच्या लढाईत आपल्या हवाईदलाच्या पहिल्या स्क्वाड्रनचे नेतृत्व अर्जनसिंग करीत होते. त्यांच्या ‘हरिकेन’ विमानांवरील वर्तुळात लाल रंग नव्हता. स्वातंत्र्यानंतर काही काळ आपल्या विमानांवर अशोकचक्र आले, आणि पुढे केशरी, पांढरा व हिरवा यांचे आजचे वर्तुळ. आमच्या सांबऱ्याला हवाईदलाचे केंद्र आहे. तेथील रस्त्याने जाताना ती खूण आमच्या गावातील मुले लहानपणापासून पाहतात. “एक ठिपका चुकला तर माणसं मरत होती,” आम्ही समारोप केला, “तेव्हा खूण खोटी लावायची नाही.”

शिक्षकाने वर्गात ठाम विधान करण्यापूर्वी पुढचा प्रश्न कोणता येईल याचा विचार करावा, हे आम्ही कनिष्ठ सहकाऱ्यांना नेहमी सांगतो. या वेळी आम्हीच विसरलो.

विमान जर्मन होते. मेसरश्मिट १०९. पंखांवरचे काळे-पांढरे क्रूस लागले, धडावरचा क्रमांक लागला. मग नातू डिकॅलच्या कागदाच्या एका कोपऱ्याकडे पाहत राहिला. तेथे दोन काळे, वेडेवाकडे तुकडे होते. सूचनापत्रकातील चित्रात विमानाची शेपटी कोरी होती. हे तुकडे कोठे लावावयाचे याचा उल्लेख नव्हता. त्याने भिंगातून पाहिले, बोटाने हवेत एकावर एक ठेवून पाहिले, आणि एकदम म्हणाला, “आजोबा, हे तर आपलं स्वस्तिक आहे! दोन तुकडे का केलेत त्याचे?”

त्याच वेळी बाहेर उंबऱ्याशी सौभाग्यवती रांगोळी घालीत होत्या. खिडकीतून ती दिसत होती.

आम्ही उत्तर दिले नाही, हे कबूल करणे भाग आहे. आम्ही म्हणालो, “ते राहू दे. ते लावायची गरज नाही.”

“पण खऱ्या विमानावर होतं का?”

“होतं.”

“मग तुम्हीच म्हणालात ना, खूण खोटी लावायची नाही?”

आम्ही चहाची वेळ झाल्याचे निमित्त करून उठलो.

त्या रात्री आम्हांस पुण्याचे दिवस आठवले. एम. ए. च्या अभ्यासासाठी आम्ही रास्ता पेठेत एका घरी खोली घेऊन राहत होतो. घरमालक बेने इस्राएल होते. कोकणात शतकानुशतके राहिलेले, शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले, हे आपले मराठी बोलणारे ज्यू लोक. घरमालकांची वृद्ध आई आमच्यापेक्षा शुद्ध आणि गोड मराठी बोले. त्यांच्या दाराच्या चौकटीला तिरकी बसविलेली एक छोटी डबी होती, मेझुझा; तिच्यात धर्मवचनांची चिठ्ठी असते, आणि येताजाता आजी तिला बोटे लावून ती ओठांना लावीत. पहिल्या दिवाळीस आम्ही हौसेने आमच्या खोलीच्या उंबऱ्याशी रांगोळीने स्वस्तिक काढीत होतो. आजी जिन्यावरून खाली येत होत्या. त्या थांबल्या. क्षणभरच, पण थांबल्या. आम्हांस एकदम उमगले आणि आम्ही ते पुसावयास हात पुढे केला. तेव्हा त्या म्हणाल्या, “पुसू नकोस, बाळ. चार ठिपके द्यायचे राहिलेत, ते दे. ठिपके दिलेस की ते तुमचं.” थोडे थांबून म्हणाल्या, “मला माहीत असतं रे. डोळ्यांना कळायला वेळ लागतो, एवढंच.”

त्या आजी आता नाहीत. ते वाक्य इतकी वर्षे आम्ही कोणास सांगितले नव्हते.

सकाळी आम्ही नातवास जवळ बसविले आणि जे सांगावयाचे ते सांगितले. सोपे करून सांगितले, पण गाळून सांगितले नाही. ही आकृती फार जुनी, आणि जगात अनेक ठिकाणी आढळणारी. आपल्याकडे ती मंगल. १९१८ साली एरिक फॉन रोझेन या स्वीडिश सरदाराने फिनलंडला एक विमान भेट दिले, त्यावर त्याने आपली शुभखूण म्हणून निळे स्वस्तिक रंगविले होते, आणि १९४५ पर्यंत ती त्या देशाच्या हवाईदलाची खूण राहिली. पुढे जर्मनीत नाझी पक्षाने १९२० साली तीच आकृती उचलली, काळी केली, तिरकी उभी केली. १९३५ साली ती देशाचा ध्वज झाली. तिला ते स्वस्तिक म्हणत नसत. त्यांच्या भाषेतील शब्दाचा अर्थ आकड्यांचा क्रूस. त्या खुणेखाली सुमारे साठ लाख ज्यू माणसे मारण्यात आली, आणि त्यांत सुमारे पंधरा लाख मुले होती. युद्धात नव्हे; घरांतून वेचून, गाड्यांत कोंडून. म्हणून जर्मनीत आज ती खूण मिरविणे कायद्याने गुन्हा आहे. इतिहास शिकविण्यासारख्या कारणांसाठी सूट आहे. म्हणूनच कित्येक संचांत ती छापतच नाहीत, आणि काहींत अशी दोन तुकड्यांत छापतात. जोडावयाची की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे.

नातू बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, “फिनलंडवाले चांगले होते का?” आम्ही म्हणालो, त्यांची खूण नाझींच्या आधीची, हे खरे, पण १९४१ पासून तेही जर्मनीच्या बाजूने रशियाशी लढले, आणि हेच मेसरश्मिट विमान त्यांनी निळे स्वस्तिक लावून उडविले. म्हणजे एकाच विमानावर दोन निरनिराळ्या खुणा, आणि दोन्हींची हकीकत निराळी. खूण पाहून माणूस ओळखता येत नाही. खुणेची हकीकत विचारावी लागते. कोव्ह यांची गोष्टही आम्ही तेव्हाच सांगितली. ज्या संस्थेने मुलांच्या हाती असली विमाने दिली, जर्मन विमानेसुद्धा, ती संस्था एका ज्यू माणसाने उभारली होती.

“मग मी काय करू?”

“तू ठरव,” आम्ही म्हणालो. कोणते उत्तर बरोबर, हे आम्हांस खरोखरच ठाऊक नव्हते. जे शेपटी कोरी ठेवतात त्यांची बाजू आम्हांस पटते. रास्ता पेठेतील आजी आमच्याकडे येणार असत्या, तर आम्हीही ती कोरीच ठेवली असती.

दुपारी त्याने पाणी कोमट करून मागितले. दोन तुकडे चिमट्याने उचलून, श्वास रोखून, शेपटीवर एकमेकांशी जुळविले. मग म्हणाला, “कोरी ठेवली तर कुणी विचारणारच नाही. ही दिसली की विचारतील, मग सांगता येईल.” आणि एका जाड कागदाच्या तुकड्यावर आपल्या अक्षरात त्याने लिहिले: ‘हे दुसऱ्या महायुद्धातले जर्मन विमान आहे. शेपटीवरची खूण नाझींची आहे, आपल्या दारातली नाही. तिला ठिपके नाहीत. त्यांनी साठ लाख ज्यू लोकांना मारले. म्हणून लावली आहे, आवडली म्हणून नाही.’ ही चिठ्ठी विमानाच्या पुढ्यात उभी केली. आम्ही तीत एक काना-मात्राही बदलली नाही.

सौभाग्यवतींना मात्र हे सारे रुचले नाही. “अहो, पोरानं एवढ्या हौसेनं केलं, त्यात हे कशाला?” असे त्या म्हणाल्या, आणि विमान पुस्तकांच्या कपाटात गेले तेव्हा त्यांनी ते असे ठेवले की शेपटी भिंतीकडे यावी. नातवाने ते पाहिले आणि पुन्हा फिरविले नाही. चिठ्ठी तेवढी समोर राहू दिली. आम्हीही त्यात हात घातला नाही. घरात दोन मते नांदू शकतात, आणि कपाटात जागा पुष्कळ आहे.

गेल्या आठवड्यात आमचे एक सहकारी घरी आले. चहा येईपर्यंत ते कपाटाशी उभे राहिले, चिठ्ठी वाचली, विमान उचलून शेपटीकडे पाहिले आणि म्हणाले, “हे काय, सर?” आम्ही सांगू लागलो. चहा निवून गेला. नातवाचा हिशेब बरोबर होता.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी असा एखादा खोका येईल त्यांनी तो खेळणे म्हणून मुलाच्या खोलीत ढकलून देऊ नये, ही विनंती. शेजारी बसावे. अंगठ्याचा ठसा उमटेल, बोलणी खावी लागतील. पण विमान जोडता जोडता भूगोल, गणित आणि इतिहास यांचे असे प्रश्न निघतात की जे शाळेत आम्हांस कोणी विचारीत नाही, आणि ज्यांची उत्तरे टाळून चालत नाही.

नातूसाहेब पुण्यास परतले. परवा दूरध्वनीवर त्यांचा निरोप आला की, दिवाळीच्या सुट्टीत ‘हरिकेन’ करावयाचे आहे, इंफाळचे; त्यावर लाल रंग नको, आणि निळ्याची छटा कोणती ते आजोबांनी शोधून ठेवावे. तोवर आमच्या टेबलावर उत्तरपत्रिकांनी पुन्हा बस्तान मांडले आहे. परंतु चिमटा, कानस आणि पाण्याची वाटी आम्ही खणात जपून ठेवली आहे. निळ्या छटेचा शोध चालू आहे.